उल्कापाषाणांतील समस्थानिकांची साक्ष

मूलद्रव्ये कोठे घडली, हा प्रश्न विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अनुमानाच्याच प्रांतात होता. १९५२ साली पॉल मेरिल या अमेरिकन ज्योतिर्विदास काही तांबड्या ताऱ्यांच्या वर्णपटात टेक्नेशियमच्या रेषा आढळल्या. या मूलद्रव्याचा एकही समस्थानिक स्थिर नाही. ताऱ्याच्या आयुष्याच्या मानाने तो फार लवकर क्षय पावतो. अर्थात ते त्या ताऱ्यांतच घडत असले पाहिजे. पुढे १९५७ साली बर्बिज दांपत्य, फाउलर व हॉइल यांनी, आणि स्वतंत्रपणे कॅमेरॉन यांनी, या निर्मितीची सुसंगत उपपत्ती मांडली. लोहापलीकडील बहुतेक मूलद्रव्ये न्यूट्रॉनांच्या ग्रहणाने घडतात. हे ग्रहण राक्षसी ताऱ्यांत मंद गतीने, तर स्फोटक प्रसंगी शीघ्र गतीने होते, असे तिचे सार होय.

या उपपत्तीस मोठा आधार होता तो सूर्यमालेतील मूलद्रव्यांच्या प्रमाणांचा. परंतु ही प्रमाणे म्हणजे असंख्य ताऱ्यांच्या द्रव्याची सरासरी. अनेक पोथ्यांचे पाठ एकत्र करून सिद्ध केलेल्या संहितेवरून एखाद्या मूळ पोथीचे वाचन सांगता येत नाही, तसेच हे. शिवाय सूर्यमालेच्या जन्मकाळी सर्व द्रव्य तापून एकजीव झाले, असा समज रूढ होता.

त्या समजास तडा दिला तो उल्कापाषाणांतील निष्क्रिय वायूंनी. १९६० साली जॉन रेनॉल्ड्स यांना रिचर्डटन पाषाणात झेनॉन-१२९ अधिक आढळला. तो आयोडीन-१२९ च्या क्षयापासून झालेला होता. या आयोडीनचे अर्धायुष्य सुमारे १.६ कोटी वर्षे. म्हणजे सूर्यमाला घडण्यापूर्वी फार काळ न लोटता ते कोठे तरी निर्माण झाले होते. १९७८ साली श्रीनिवासन व अँडर्स यांना ऑस्ट्रेलियात १९६९ साली पडलेल्या मर्चिसन पाषाणात झेनॉन-१२८ व १३० यांचे आधिक्य दिसले. शीघ्र ग्रहणानंतरची क्षयमालिका टेल्यूरियमच्या त्याच भारांकांशी थांबते, झेनॉनपर्यंत पोहोचत नाही. म्हणून हे दोन समस्थानिक मंद ग्रहणाची खूणच ठरतात.

हा वायू कोणत्या कणांत कोंडला आहे, हे शोधण्यासाठी पाषाणाचा बहुतेक सर्व भाग आम्लांत विरघळवावा लागला. गवताची गंजी जाळून सुई शोधण्याशी अँडर्स यांनी या रीतीची तुलना केली आहे. १९८७ साली सुई सापडली. प्रथम हिऱ्याचे अतिसूक्ष्म कण, मग सिलिकॉन कार्बाइडचे कण हाती आले. यांतील बहुतेक कार्बाइड-कण राक्षसी ताऱ्यांभोवती गोठलेले आहेत. काही थोड्या कणांत मात्र टायटेनियम-४४ पासून झालेला कॅल्शियम-४४ विपुल आहे. या टायटेनियमचे अर्धायुष्य अवघे साठ वर्षांचे. तेव्हा ते कण ताऱ्याच्या स्फोटानंतर लवकरच घडले, हे निश्चित.

२००४ साली या इतिहासाचे वर्तुळ पूर्ण झाले. मर्चिसनमधील सिलिकॉन कार्बाइडच्या कणांत रुथेनियम-९९ अधिक असल्याचे मायकेल सॅव्हिना व त्यांच्या सहकाऱ्यांना आढळले. टेक्नेशियम-९९ चे अर्धायुष्य सुमारे २.१ लाख वर्षांचे, आणि क्षयानंतर त्याचे रुथेनियम-९९ होते. मेरिल यांनी दूरच्या प्रकाशात जे वाचले, त्याचीच राख अशा प्रकारे प्रयोगशाळेत हाती आली. निर्मितीची उपपत्ती तीच राहिली. तिला प्रत्यक्ष द्रव्याची साक्ष मात्र आता लाभली.