सौर वाळवणी यंत्र

सौर वाळवणी यंत्र (सोलर ड्रायर) : सूर्याच्या उष्णतेवर भाज्या, फळे व मसाल्याची पिके बंदिस्त जागेत सुकवण्याचे साधन. अंगणात मिरच्या, सांडगे, कुरडया वाळत घालण्याची रीत जुनीच. पण उघड्यावरच्या वाळवणाला धूळ, माशा आणि अवकाळी सरींचा उपद्रव असतो, शिवाय थेट उन्हाने भाजीचा रंग उडतो व अ जीवनसत्त्व घटते.

यंत्रातला काळा पत्रा ऊन शोषतो, वरची काच उष्णता कोंडून धरते आणि तापलेली हवा मालातली ओल घेऊन झरोक्यातून बाहेर पडते. साध्या यंत्राला वीज लागत नाही. आतले तापमान साधारण ५० ते ६० अंश सेल्सियस असावे. फार तापल्यास माल वरून कडक होतो, ओल आत अडकते आणि तो डब्यात बुरसतो. उदाहरणार्थ, कांद्याच्या चकत्या पातळ, एकसारख्या कापून ट्रेवर एकाच थरात पसरतात. चकती वाकवताच कडकन तुटली की वाळली. ती गार होताच हवाबंद करावी, नाहीतर पुन्हा सादळते.

कांद्यात सुमारे ८६ टक्के पाणी असते. सोललेल्या १० किलोंतून जेमतेम दीड किलो सुका माल निघतो. म्हणजे ओल्या कांद्याच्या जवळजवळ सातपट दर मिळाला, तरी केवळ कांद्याचे पैसे निघतात. मजुरी, पॅकिंग त्यापुढे. लहान शेतकऱ्याचा खरा प्रश्न इथे आहे.

मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत शिकलेले वैभव तिडके व त्यांच्या सहकाऱ्यांनी वहन, अभिसरण आणि प्रारण या तिन्ही मार्गांनी उष्णता देणारे यंत्र घडवले. त्यांच्या ‘एसफोरएस टेक्नॉलॉजीज’ने छत्रपती संभाजीनगर परिसरातील शेतकरी महिलांना यंत्रे मिळवून दिली आणि वाळवलेला माल स्वतः विकत घेतला. २०२३ मध्ये कंपनीला अर्थशॉट पुरस्कार मिळाला. या कामात यंत्राइतकेच मोल त्या हमखास खरेदीचे आहे.

पैनगंगेपलीकडे, तेलंगणातील आदिलाबाद जिल्ह्यातील गुडीहत्नूरसारख्या कापूस, सोयाबीन, तुरीच्या पट्ट्यात थोडाफार भाजीपाला पिकवणाऱ्यांनाही ही वाट खुली आहे; गाव राष्ट्रीय महामार्ग ४४ वर असल्याने वाहतूक सोपी. केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेतून (२०२०) कर्जाशी निगडित ३५ टक्के, कमाल १० लाख रुपये अनुदानाची तरतूद करण्यात आली. बचत गटाने आधी खरेदीदाराशी दर ठरवावा, मगच यंत्रासाठी कर्ज काढावे.