पेडणे-डिचोलीचा नखशृंगार: माजघरात टिकलेली कला

नखांची निगा आणि हातांचा शृंगार म्हटले की गोव्यात पोर्तुगीज राहणीकडे बोट दाखवले जाते. पेडणे आणि डिचोली या तालुक्यांचा इतिहास पाहिला की हा समज टिकत नाही. इथे हात सजवण्याची रीत बायकांनी माजघरात, परसातल्या सामग्रीवर जोपासली. ती घरातली होती, म्हणूनच राज्ये बदलली तरी ती राहिली.

पुरावा राजकीय सीमेपासून सुरू होतो. १४ एप्रिल १७३६ रोजी गोव्याच्या इन्क्विझिशनने, म्हणजे पोर्तुगीज अमलातल्या धर्मन्यायालयाने, हुकूमनामा काढून लग्नातल्या अनेक स्थानिक चालींवर बंदी घातली. वधूवरांना हळद, नारळाचे दूध, तेल लावणेही त्यात आले. त्या वेळी पेडणे आणि डिचोली सावंतवाडीकर भोसल्यांकडे होते. डिचोली १७८१ मध्ये आणि पेडणे १७८८ च्या तहाने पोर्तुगिजांकडे गेले. १८१२ मध्ये इन्क्विझिशन कायमचे बंद झाले, आणि १८८० मध्ये हिंदूंच्या रूढींना कायद्याने मान्यता मिळाली. म्हणजे जुन्या काबिजादीने, आधीपासून पोर्तुगिजांकडे असलेल्या मुलखाने, भोगलेली बंदी या तालुक्यांच्या वाट्याला तशी आलीच नाही.

हुकूमनाम्याचा रोख हळद-तेलावर होता, मग त्यावरून नखांबद्दल काय सिद्ध होते, असे कोणी विचारेल. आक्षेप रास्त आहे; पण तो हुकूमनामा अंगाला लावायच्या घरगुती गोष्टींशी सत्तेने घेतलेले वैर दाखवतो, आणि त्या वैराची मर्यादाही. बंदीनंतरही ख्रिस्ती घरांत लग्नाआधीचा नारळाच्या दुधाचा ‘रोस’ आजवर चालू आहे. जिथे बंदी होती तिथे माजघराने हे राखले, तर जिथे ती नव्हती तिथे मेंदी-हळदीला धोका कुठून असणार?

दुसरा आक्षेप असा, की हातभर मेंदी ही उत्तरेची, सिनेमातून आलेली हौस आहे. कोपरापर्यंतच्या नक्षीपुरते ते खरे मानू. कोकणातली जुनी रीत मात्र साधी: तळहातावर एक ठसठशीत गोल आणि बोटांच्या टोकांना टोप्या. पाट्यावर वाटलेला पाला लिंबाचा रस घालून मुरवायचा, नखे भिजवून कापायची, कडांना खोबरेल चोळायचे आणि रात्रभर मेंदी बांधून ठेवायची. पाल्यातले लॉसोन हे रंगद्रव्य नखाच्या केराटिनला धरते. त्वचेवरचा रंग दोन-तीन आठवड्यांत जातो, नखावरचा मात्र नख वाढून कापले जाईपर्यंत राहतो. बोटाचे नख महिन्याला सुमारे ३ मिलिमीटर वाढते, म्हणजे पूर्ण उतरायला सहाएक महिने लागतात. हेच द्रव्य तेरड्यातही असते. कोरियात मुली तेरड्याच्या फुलांनी नखे रंगवतात. आपल्याकडे ‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ म्हणतात, पण नखावर तोच रंग महिनोन् महिने टिकतो.

नखांची स्वच्छताही बाहेरून आलेली नाही. पंधरवड्यात तीनदा नखे कापावीत, असे चरकसंहिता सांगते, आणि गावगाड्यातला न्हावी त्यासाठी नऱ्हाणी हे नखे काढायचे हत्यार बाळगत असे. आज या वारशाला खरा धोका हुकूमनाम्याचा नाही, झटपट रंगाचा आहे. ‘काळी मेंदी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या कोनांत बहुधा पीपीडी हे रसायन असते. त्याने त्वचेवर फोड येतात आणि कधी त्या रसायनाची ॲलर्जी जन्मभर राहते. पेडणे-डिचोलीच्या परसात मेंदीचे झुडूप अजून वाढू शकते. ते लावा आणि पाला घरी वाटा.