तिकीट आणि मत

लोकशाहीविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले जाते. पण ते बहुधा मतपेटीपाशी सुरू होते आणि मतपेटीपाशीच संपते. त्या पेटीपर्यंत उमेदवार येतो कसा, त्याला पुढे कोण करतो, आणि तो पुढे होण्याआधी साध्या मतदाराला काय वाटत असते, याचा इतिहास कोणी फारसा सांगत नाही. मी काही इतिहासकार नव्हे. तासगावात मुलांना इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवणारा, उरल्या वेळात कादंबऱ्या लिहिणारा, मॅट्रिकपर्यंत शिकलेला एक मास्तर आहे. परंतु वर्गात निवडणुकीचा धडा आला, की एखादा मुलगा हटकून विचारतो, “गुरुजी, उभं कुणी राहायचं हे कोण ठरवतं?” पुस्तकात त्याचे उत्तर नाही. म्हणून हा खटाटोप.

अमेरिकेत या प्रश्नाचे उत्तर मतदारच देतात, निदान द्यायचे असे ठरले आहे. अध्यक्षपदाची खरी निवडणूक नोव्हेंबरात. पण तिच्या कितीतरी महिने आधी प्रत्येक पक्ष आपला उमेदवार कोण, हे राज्याराज्यांतल्या आपल्या मतदारांना विचारतो. न्यू हॅम्पशायर हे चिमुकले राज्य १९२० पासून या प्राथमिक फेरीत पुढे उभे आहे. १९७२ पासून आयोवा हे मक्याचे राज्य त्याच्याही आधी आपले मत सांगू लागले. आयोवातली रीत तर आपल्या चावडीची आठवण करून देणारी. थंडीच्या रात्री शेजारीपाजारी शाळेत, सभागृहात जमायचे, आपापल्या माणसाची बाजू मांडायची, आणि मग मोजणी. २००८ च्या जानेवारीत याच राज्याने बराक ओबामांना पहिला कौल दिला आणि साऱ्या देशाचा सूर पालटला. तिथल्या मतदाराची बोलणी ऐकली, तर ती आपल्याला परकी वाटणार नाहीत. हा माणूस चांगला, पण टिकेल का? तो टिकेल, पण आपल्या पिकाचे त्याला काय कळते? आवडता उमेदवार आणि निवडून येणारा उमेदवार, या दोहोंत त्याचा जीव अडकलेला असतो.

आपल्या जिल्ह्यात अशी फेरी कायद्याने कधी झाली नाही. पण कायद्यावाचून ती झाली, आणि तीही १९३७ साली.

त्या वेळी तासगाव तालुका सातारा जिल्ह्यात होता. दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा १९४९ साली झाला आणि १९६० साली त्याचे नाव सांगली पडले. १९३५ च्या कायद्याने प्रांतिक विधिमंडळांच्या निवडणुका आल्या, तेव्हा साऱ्या हिंदुस्थानात सुमारे तीन कोटी लोकांना मताचा अधिकार होता. सारा भरणारा खातेदार, ठरावीक भाडे देणारा घरकरी, मॅट्रिक झालेला माणूस, असे हे मतदार. म्हणजे माझ्यासारख्याला मत मिळाले असते, आणि माझ्या शेजारच्या बांधावर राबणाऱ्या गड्याला नाही!

या जिल्ह्याची मनोरचनाही वेगळी होती. सत्यशोधक चळवळीने इथला कुणबी जागा केला होता. ब्राह्मणेतर पक्षाची मुळे इथे खोल होती. सातारारोडला लोखंडी नांगरांचा कारखाना काढणारे धनजीशा कूपर हे याच जिल्ह्यातले, आणि त्या राजकारणातले मोठे नाव. काँग्रेस म्हणजे शहरातल्या वकील मंडळींची संस्था, अशी खेड्यात समजूत होती. ती पुसण्यासाठीच १९३६ च्या डिसेंबरात फैजपूरला, म्हणजे खेड्यात, पहिले अधिवेशन भरले. तेव्हा काँग्रेसने सातारा जिल्ह्यात उभे करायचे कोणाला?

यशवंतराव चव्हाण त्या वेळी कोल्हापुरात कॉलेजात शिकत होते. “कृष्णाकाठ” या आत्मचरित्रात त्यांनी ही हकीकत सांगितली आहे. जिल्ह्यातल्या तरुण कार्यकर्त्यांचे म्हणणे असे, की शेतकऱ्यांतून आलेला, खेड्यात वावरलेला माणूस उमेदवार हवा. आणि तो म्हणजे आत्माराम पाटील. जुन्या पुढाऱ्यांचे धोरण निराळे होते. गोष्ट मुंबईला सरदार वल्लभभाई पटेलांपर्यंत गेली. विशीतल्या पोरांनी थेट सरदारांपुढे आपल्या जिल्ह्याचे मत मांडले, उमेदवारी पदरात पाडून घेतली, आणि आत्माराम पाटील निवडून आले.

या प्रसंगाचे मोल माझ्या दृष्टीने फार मोठे आहे. सरदारांच्या हाती साताऱ्याच्या मताची मोजदाद नव्हती. होता तो पोरांचा शब्द. पोरांच्या पाठीशी होते गावोगावचे पार, आठवड्याचे बाजार आणि मळ्यातल्या विहिरी. आयोवात जे शाळेच्या सभागृहात होते, ते इथे पारावर झाले. फरक इतकाच, की तिथे लोकांचा कौल मोजला जातो; इथे तो कोणीतरी नेऊन पोहोचवावा लागला.

आणि पोहोचवलेला कौल मानलाच जाईल, याची हमी काय? दोनच वर्षांनी याचा उलटा धडा मिळाला. त्या काळी काँग्रेसच्या अध्यक्षाला लोक ‘राष्ट्रपती’ म्हणत. चार आणे वर्गणी भरणारा गावचा माणूस हा प्राथमिक सभासद. त्याच्यामधून प्रतिनिधी, आणि प्रांतोप्रांतीच्या प्रतिनिधींच्या मतांतून हा राष्ट्रपती. एरवी नाव आधीच ठरलेले असे. २९ जानेवारी १९३९ रोजी मात्र खरी लढत झाली. सुभाषचंद्र बोस यांना १५८० मते पडली, पट्टाभि सीतारामय्या यांना १३७७. पट्टाभींचा पराजय तो माझाच, असे गांधीजींनी जाहीर केले. बहुतेक कार्यकारिणी बाजूला झाली आणि तीन महिन्यांत, २९ एप्रिलला, सुभाषबाबूंना राजीनामा द्यावा लागला. कोणाचे बरोबर, हा वाद मी इथे उकरत नाही. मला इतकेच दिसते, की कौल मागणे सोपे असते. तो पचवणे अवघड.

त्यानंतर नद्यांतून पुष्कळ पाणी गेले. १९४२ च्या ३ सप्टेंबरला याच तासगावच्या कचेरीवर लोकांचा मोर्चा गेला. पुढे १९५२ पासून प्रत्येक प्रौढाला मत मिळाले. बांधावरचा गडी आणि मी एका रांगेत आलो. पण उमेदवार ठरवण्याची रांग मात्र कुठे लागलीच नाही. ‘तिकीट’ हा शब्द आपल्या बोलीत इतका रुळला, की ते मुंबईहून किंवा दिल्लीहून मिळायचे, यात कोणाला वावगे वाटेनासे झाले.

परंतु २०२४ साली सांगलीत जे घडले, ते पाहून मला १९३७ आठवले. महाविकास आघाडीत लोकसभेची ही जागा शिवसेनेच्या ठाकरे गटाकडे गेली. चंद्रहार पाटील, दोनदा महाराष्ट्र केसरी झालेला मल्ल, उमेदवार झाला. काँग्रेसचे विशाल पाटील, वसंतदादांचे नातू, तिकिटावाचून राहिले आणि अपक्ष उभे राहिले. समोर भाजपचे संजयकाका पाटील, आमच्या तासगावचेच आणि दोन वेळचे खासदार. त्या दिवसांत बेदाण्याच्या सौद्यात, एसटी स्टँडवर, न्हाव्याच्या दुकानात लोक उमेदवारांहून अधिक तिकिटाविषयीच बोलत. “पैलवान गडी चांगला हो, पण ही जागा त्याची न्हवं,” असे म्हणणारे होते. “काकांनी दहा वर्षांत काय केलं ते सांगा,” म्हणणारे होते, आणि “केलं की, तुम्हाला दिसत नाही,” असे उसळणारेही होते. निकाल लागला तेव्हा अपक्ष विशाल पाटील सुमारे एक लाख मतांनी निवडून आले. आघाडीच्या अधिकृत उमेदवाराची अनामतही राहिली नाही. निवडून आल्यावर विशाल पाटलांनी काँग्रेसलाच पाठिंबा दिला.

म्हणजे मतदाराने एकाच मतात दोन निवडणुका उरकल्या. उमेदवार कोण, हे त्यानेच ठरवले, आणि खासदार कोण, हेही. जी प्राथमिक फेरी त्याला दिली गेली नव्हती, ती त्याने मतपेटीत घेतली. यात कोणाचा पक्ष बरा, हा मुद्दा नाही. बहुतेक ठिकाणी अपक्ष पडतो, आणि पारावरचा कौल पारावरच विरून जातो. नावापाठी घराणे नसलेला, पदरी पैसा नसलेला एखादा नवा आत्माराम पाटील आज अपक्ष उभा राहिला, तर त्याचे काय होईल, हे मी सांगायला नको. त्याच्यासाठी कोणीतरी आधीच शब्द टाकावा लागतो, आणि तो ऐकणारा कोणीतरी वर असावा लागतो. १९३७ साली दोन्ही होते. आज शब्द टाकणारे गावोगाव आहेत. ऐकणारा आहे का, एवढेच प्रत्येक पक्षाने स्वतःला विचारावे.