लोकाश्रयी संस्थांचा अर्थव्यवहार : पुण्यातील तीन संस्थांचा अभ्यास (१८८४–१९२०)

महाराष्ट्रातील सार्वजनिक संस्थांचे इतिहास बहुधा त्यांच्या संस्थापकांच्या चरित्रांच्या रूपाने लिहिले गेले आहेत. चरित्रात त्याग ठळक दिसतो. हिशेब मात्र परिशिष्टात जातो किंवा मुळीच येत नाही. त्यामुळे या संस्थांतील कलह हे व्यक्तींच्या स्वभावाचे अथवा मतांचे कलह म्हणून सांगितले जातात, आणि संस्थेचा पैसा कोठून आला व तो देणाऱ्याचा संस्थेवर कोणता अधिकार निर्माण झाला, हा प्रश्न बाजूस राहतो. प्रस्तुत लेखात हाच प्रश्न डेक्कन एज्युकेशन सोसायटी, शारदा सदन आणि हिंगण्याचा अनाथ बालिकाश्रम या तीन संस्थांच्या संदर्भात विचारावयाचा आहे. निधी उभारणे व कारभार चालविणे ही दोन स्वतंत्र कामे नसून निधीचे स्वरूपच कारभाराचे स्वरूप ठरविते, असे या लेखाचे प्रतिपाद्य आहे.

आरंभी पार्श्वभूमी ध्यानात घेणे अवश्य आहे. पेशवाईत विद्येला मिळणारा आश्रय हा मुख्यतः राजाश्रय होता. दक्षिणेची रक्कम सरकारी खजिन्यातून निघे आणि ती कोणास द्यावयाची हे सरकारच ठरवी. इंग्रजी अंमल आल्यावर १८२१ मध्ये विश्रामबाग वाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली, तीही याच दक्षिणा निधीच्या आधारे. येथे दाता एक व त्याचा अधिकार निर्विवाद होता. १८६० च्या २१ व्या कायद्याने नोंदणीकृत मंडळीस कायदेशीर रूप दिल्यावर निराळीच परिस्थिती उद्भवली. आता दाते अनेक, पण मालक कोणीच नाही, अशी संस्था शक्य झाली. ‘मालक कोणी नाही’ हे कायद्याचे वाक्य झाले. व्यवहारात कोणाचा तरी शब्द अखेरचा असावा लागतो. तो कोणाचा, या प्रश्नाला तीन संस्थांनी तीन उत्तरे दिली.

पहिले उत्तर डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे. विष्णुशास्त्री चिपळूणकर व टिळक यांनी जानेवारी १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल काढले आणि पुढे आगरकर त्यांना येऊन मिळाले. शाळेचा जम बसल्यावर २४ ऑक्टोबर १८८४ रोजी सोसायटी स्थापन झाली व जानेवारी १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज निघाले. माधवराव नामजोशी यांच्यासारख्या खटपटी कार्यकर्त्याने संस्थानिकांच्या दरबारी जाऊन देणग्या मिळविल्या, आणि कॉलेजास मुंबईच्या गव्हर्नराचे नाव देण्यातही लोकाश्रयास राजमान्यतेची जोड देण्याचा हेतू उघड होता. तथापि या देणग्या संस्थेचे खरे भांडवल नव्हत्या. आजीव सदस्यांनी वीस वर्षे अल्प वेतनावर काम करण्याची घेतलेली शपथ हेच तिचे खरे भांडवल होय. बाहेर ज्याला कितीतरी अधिक पगार मिळाला असता असा पदवीधर येथे आरंभी चाळीस व पुढे पंचाहत्तर रुपयांवर शिकवीत असे. सोडून दिलेला हा पगार म्हणजे संस्थेस दरमहा मिळणारी देणगीच होती. मात्र ती कोणत्याही जमाखर्चात नोंदली जात नव्हती.

न नोंदलेल्या देणगीचा हिशेब कधी तरी मागितला जातोच. १८८६ नंतरच्या वादांत हेच घडले. आजीव सदस्याने आपला सर्व वेळ संस्थेस द्यावा आणि बाहेरून काही मिळविल्यास तेही संस्थेचे समजावे, असा टिळकांचा आग्रह होता. आगरकर, गोखले प्रभृतींचे म्हणणे असे की, नेमून दिलेले काम चोख केल्यावर उरलेला वेळ व त्यातील मिळकत ही ज्याची त्याची आहे. शिवाय कुटुंब वाढते, तेव्हा वेतनातही वाढ व्हावी. होळकरांकडून मिळालेल्या रकमेचा वाद याच प्रश्नाचे एक रूप होते : दिलेले द्रव्य व्यक्तीस मिळाले की संस्थेस? अखेर गोखल्यांनी सार्वजनिक सभेचे चिटणीसपद स्वीकारल्याचे निमित्त होऊन १८९० मध्ये टिळकांनी राजीनामा दिला. या फुटीचे कारण सामाजिक सुधारणेविषयीच्या मतभेदात शोधण्याची रूढी आहे, आणि ते मतभेद खोटे नव्हते. परंतु मतभेद असलेली माणसे एका संस्थेत वर्षानुवर्षे काम करू शकतात, याचे दाखले विपुल आहेत. जेथे प्रत्येक जण स्वतःस समान दाता समजतो, तेथे ‘मी अधिक दिले’ या भावनेस उत्तर देणारा कोणताही नियम संस्थेपाशी नसतो. सोसायटीची फूट या नियमाच्या अभावातून झाली, असे म्हणणे अधिक सयुक्तिक होईल. त्यागाची मर्यादा लेखी ठरविली नाही, तर प्रत्येक जण ती दुसऱ्यासाठी ठरवू लागतो.

दुसरे उत्तर शारदा सदनाचे. पंडिता रमाबाईंनी अमेरिकेत केलेल्या व्याख्यानांमुळे १८८७ मध्ये बॉस्टन येथे रमाबाई असोसिएशन स्थापन झाले व त्याने दहा वर्षांपुरते साहाय्य देण्याचे ठरविले. मार्च १८८९ मध्ये मुंबईस सदन सुरू झाले आणि पुढील वर्षी ते पुण्यास आले. द्रव्याची विवंचना नसलेली अशी संस्था त्या काळी विरळाच. शिवाय रानडे, भांडारकर यांच्यासारखी प्रतिष्ठित माणसे सल्लागार मंडळात होती. पण १८९३ मध्ये धर्मांतराचा वाद पेटला, सल्लागारांनी अंग काढून घेतले आणि अनेक पालकांनी मुली परत नेल्या. येथे कोणाची बाजू खरी हा प्रस्तुत प्रश्न नव्हे. संस्थेच्या रचनेतील दोष असा की, पैसा देणारे सातासमुद्रापलीकडे होते आणि मुली देणारे पुण्यात. सल्लागार मंडळास प्रतिष्ठा होती, अधिकार नव्हता. म्हणून मतभेद झाला तेव्हा राजीनाम्यावाचून त्याच्या हाती दुसरे साधन उरले नाही. पैशाची बाजू भक्कम असूनही संस्था पुण्यातील समाजास पारखी झाली. विश्वास हेही भांडवलच असते आणि ते बाहेरून आणता येत नाही, हा धडा या प्रसंगाने दिला.

हा धडा जवळून पाहणारी एक व्यक्ती पुण्यात होती. टिळकांच्या जाण्यानंतर फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकविण्यासाठी १८९१ मध्ये धोंडो केशव कर्वे यांना बोलाविण्यात आले. पुढील वर्षी ते सोसायटीचे आजीव सदस्य झाले. १८९३ मध्ये त्यांनी ज्या विधवेशी पुनर्विवाह केला, त्या गोदूबाई (पुढे आनंदीबाई) शारदा सदनाच्या आरंभीच्या विद्यार्थिनींपैकी होत्या. म्हणजे एका संस्थेच्या फुटीने रिकामी झालेली जागा त्यांनी भरली होती आणि दुसऱ्या संस्थेशी त्यांचा घरचा संबंध होता. १८९६ मध्ये त्यांनी अनाथ बालिकाश्रम मंडळी स्थापिली, तेव्हा आपल्या शिलकेतून सुमारे एक हजार रुपये प्रथम स्वतः दिले. डॉ. भांडारकर अध्यक्ष झाले. पुढे प्लेगाच्या दिवसांत, १९०० मध्ये, आश्रम हिंगण्यास एका झोपडीत गेला आणि कॉलेजचे काम संपवून कर्वे तेथवर पायी जात राहिले.

कर्व्यांचे उत्तर वर्गणीचे होते. लहान रकमा, पुष्कळ दाते, वारंवार मागणी आणि पैपैचा हिशेब. या पद्धतीत एका दात्याच्या रोषाने संस्था बुडत नाही. पण तिची किंमत वेळाच्या रूपाने मोजावी लागते. कर्व्यांच्या सुट्या वर्गणीच्या फेऱ्यांत जात. पार्वतीबाई आठवले या विधवा मेहुणीने आश्रमासाठी गावोगाव हिंडून द्रव्य जमविले आणि १९१८ ते १९२० या काळात अमेरिकेत घरकामाची चाकरी पत्करून तेथेही संस्थेचे काम केले. निधिसंकलनाचा इतिहास लिहिताना वक्ते व दरबार यांच्याच जोडीला या पायपिटीची नोंद व्हावयास हवी.

वर्गणीची दुसरी किंमत अधिक जड होती. अनेकांकडून पैसा घ्यावयाचा, तर अनेकांच्या मताला जपावे लागते. आश्रम हा विधवांच्या शिक्षणासाठी आहे, पुनर्विवाहाच्या प्रचारासाठी नाही, असे धोरण कर्व्यांनी ठेवले. ज्याने स्वतः पुनर्विवाह केला त्यानेच हे करावे, याचे सुधारकांना वैषम्य वाटले. आरंभीच्या काळात पुनर्विवाहित स्त्रियांना आश्रमाच्या कारभारापासून दूर राहावे लागले आणि खुद्द आनंदीबाईंनाही ही झळ लागली. शारदा सदनाचा अनुभव पाहता हे धोरण व्यवहार्य होते, यात शंका नाही. परंतु ते न्याय्य होते काय, हा प्रश्न त्याने मिटत नाही. देणगीदाराचा अधिकार घटनेत लिहिलेला नसला, तरी तो संस्थेच्या मौनात वाचता येतो.

आजीव सदस्यांच्या वादाचाही बोध कर्व्यांनी घेतलेला दिसतो. १९०८ मध्ये त्यांनी निष्काम कर्म मठ काढला. संस्थेस वाहून घेणाऱ्या सेवकांनी काय द्यावयाचे व काय मागावयाचे नाही, हे तेथे व्रताच्या रूपाने आधीच सांगितले होते. सोसायटीत जो नियम नव्हता तो येथे नैतिक बंधनाच्या रूपाने आला. पण व्रत घेणारे थोडेच असतात. वाढत्या संस्थेस पगारी माणसे लागतात, आणि पगार देण्यासाठी मोठा निधी लागतो.

जपानमधील महिला विद्यापीठाच्या माहितीने प्रेरित होऊन कर्व्यांनी १९१६ मध्ये महिला विद्यापीठ स्थापिले, तेव्हा वर्गणीची मर्यादा उघड झाली. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाखांची देणगी जाहीर केली. तिच्या व्याजादाखल वर्षास ५२,५०० रुपये मिळावयाचे होते. विद्यापीठास त्यांच्या मातोश्री नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे नाव देण्यात आले. संस्थेचे आयुष्य एका दिवसात पालटले, त्याचबरोबर तिचा गुरुत्वमध्यही सरकला. १९३६ मध्ये विद्यापीठाचे मुख्य ठाणे मुंबईस गेले. सरकारी मान्यतेसाठी मात्र १९४९ च्या कायद्याची व १९५१ मध्ये झालेल्या त्याच्या अंमलाची वाट पाहावी लागली. महादात्याच्या औदार्याने पैशाचा प्रश्न सुटला. पदवीस बाजारात किंमत मिळण्याचा प्रश्न पैशाने सुटणारा नव्हता. स्वतः कर्वे मात्र १९३६ मध्ये, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, ग्राम प्राथमिक शिक्षणासाठी नवे मंडळ काढून पुन्हा लहान वर्गणीकडे वळले, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे.

या तीन उत्तरांपलीकडे चौथे उत्तर संभवते काय? १९१९ मध्ये स्थापन झालेल्या रयत शिक्षण संस्थेच्या मुष्टिफंडाकडे या दृष्टीने पाहावे लागेल. वसतिगृहासाठी घरोघर बाजूस काढलेली मूठभर धान्याची देणगी देणारे हे त्याच मुलांचे आप्त होते. दाता व लाभार्थी यांतील अंतर येथे जवळजवळ नाहीसे झाले, आणि ‘कमवा व शिका’ या तत्त्वाने विद्यार्थीही अंशतः दाता झाला. पुण्यातील संस्थांना हे साधले नाही, कारण त्यांचे लाभार्थी व त्यांचे दाते हे निरनिराळे वर्ग होते.

या अभ्यासाचे महत्त्व केवळ ऐतिहासिक नाही. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याने धर्मादाय आयुक्ताचे पद निर्माण केले. विश्वस्तांतील बदल कळविणे आणि स्थावर मिळकत विकण्यापूर्वी परवानगी घेणे बंधनकारक केले. ‘अखेरचा शब्द कोणाचा’ या प्रश्नास शासनाने दिलेले ते अंशतः उत्तर होय. परंतु न नोंदलेल्या देणगीचा प्रश्न कायद्यासही सुटलेला नाही. विदेशी देणग्यांतून प्रशासनावर करावयाच्या खर्चाची मर्यादा २०२० च्या दुरुस्तीने पन्नास टक्क्यांवरून वीस टक्क्यांवर आणली. उधळपट्टीस आळा घालणे हा हेतू रास्त आहे. पण दाता इमारतीस पैसा देतो व शिक्षकाच्या, हिशेबनिसाच्या पगारास ‘वरखर्च’ म्हणतो, ही वृत्ती त्यातून दृढ होण्याचा संभव आहे. जो पगार संस्था देत नाही तो कोणीतरी आपल्या संसारातून देत असतो. १८९० मध्ये पुण्यात जे घडले ते या अदृश्य देणगीचा हिशेब कोणी ठेवला नव्हता म्हणून घडले. संस्थांच्या इतिहासकाराने यापुढे दानपत्रांबरोबर पगारपत्रकेही वाचावीत, एवढीच या लेखाची विनंती आहे.