एल्क, उलटलेली मर्सिडीज आणि आमची म्हैस

गेल्या जुलैतली गोष्ट. ताम्हिणी घाट उतरत होतो. पाऊस मी म्हणत होता, शेजारी बाबा. एक वळण संपलं आणि रस्त्याच्या मधोमध म्हैस! स्टिअरिंग डावीकडे मारलं, म्हैस चुकली, लगेच उजवीकडे घेतलं आणि गाडीचं बूड आमच्या आधी पुढे जायला निघालं. अर्धी गिरकी घेऊन थांबलो तेव्हा गाडीचं तोंड परत पुण्याकडे होतं. गाडी जुनी, साधं एबीएससुद्धा नसलेली. बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "कुठेतरी चहा घेऊ."

आता नवी गाडी घ्यायची चाललीय. शनिवार-रविवार ब्रोशरं वाचण्यात जातात. त्यातल्या एका ओळीवर अडकलो: ईएसपी (काही कंपन्या ईएससी म्हणतात). बिचारी सनरूफच्याही खाली छापलेली. हे नक्की काय म्हणून खणत गेलो आणि आमच्याच म्हशीची गोष्ट सापडली. फक्त स्वीडनमधली.

आधी थोडं मागे जाऊ. १९७८ साली बॉशचं इलेक्ट्रॉनिक एबीएस मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये आलं. जोरात ब्रेक मारला तरी चाकं लॉक होत नाहीत, त्यामुळे गाडी वळवता येते. पण ब्रेक न मारताच गाडी आडवी घसरायला लागली तर एबीएस काय करणार? काहीच नाही.

१९८९ च्या हिवाळ्यात फ्रँक वेर्नर-मोन हा मर्सिडीजचा तरुण इंजिनिअर स्वीडनमध्ये चाचण्या घेताना बर्फावरून घसरून खड्ड्यात गेला. गाडी ओढून काढायला कोणी येईपर्यंत बसून काय करणार, विचार! एबीएसला प्रत्येक चाकाचा वेग कळतो. गाडी स्वतःभोवती किती फिरतेय हेही कळलं तर? त्याने नंतर सांगितल्याप्रमाणे, पहिल्या प्रयोगासाठी त्याने खेळण्यातल्या हेलिकॉप्टरचा जायरोस्कोप वापरला होता. :-)

त्यातून जे तयार झालं ते आपल्या धंद्यातल्या लोकांना पटकन कळेल. स्टिअरिंगच्या कोनावरून ड्रायव्हरला कुठे जायचंय ते कळतं. सेन्सरवरून गाडी खरंच कुठे चाललीय ते कळतं. सेकंदाला २५ वेळा या दोन्हींची तुलना. फरक आढळला की कॉम्प्युटर एकाच चाकाला ब्रेक लावतो. मागचा भाग बाहेर फेकला जात असेल तर वळणाच्या बाहेरच्या बाजूचं पुढचं चाक, आणि गाडी वळायलाच तयार नसेल तर आतल्या बाजूचं मागचं चाक. शिवाय इंजिनची ताकदही कमी करतो. हे माणसाला कधीच जमणार नाही, कारण आपल्याकडे ब्रेकचं पेडल एकच! अर्थात पदार्थविज्ञानाचे नियम त्यालाही मोडता येत नाहीत. फारच वेगात असाल तर तोही हात टेकतो.

१९९५ मध्ये हे ईएसपी बाजारात आलं. कशात? एस ६०० कूपेमध्ये, म्हणजे कोट्यधीशांच्या गाडीत. त्याच वर्षी बीएमडब्ल्यू आणि टोयोटानेही आपापली प्रणाली आणली, तीही महागड्या गाड्यांतच. तंत्रज्ञान तयार होतं, पण सामान्य माणसापर्यंत ते कधी पोचेल याची कोणाला घाई नव्हती.

मग आला ऑक्टोबर १९९७. मर्सिडीजने ए-क्लास ही छोटी गाडी नुकतीच बाजारात आणली होती. टक्कर झाली तर इंजिन प्रवाशांच्या पायाखाली सरकावं म्हणून तिला दुहेरी तळ होता. हुशार कल्पना, पण त्यामुळे गाडी आखूड आणि उंच झाली. 'टेक्निकेन्स व्हर्ल्ड' या स्वीडिश मासिकाचे रॉबर्ट कोलिन तिची चाचणी घेत होते. अचानक डावीकडे, लगेच परत उजवीकडे. रस्त्यात एल्क आडवं आलं तर तिकडचा माणूस जे करेल तेच. एल्क म्हणजे सांबराचा अवाढव्य भाऊ, उंच पायांचा, नर चारशे किलोच्या वर. धडक बसली तर तो सरळ काचेवर येतो. म्हणून ही चाचणी.

ए-क्लास उलटली.

सुरुवातीला कंपनीने प्रकरण फारसं मनावर घेतलं नाही. पण वर्तमानपत्रांनी सोडलं नाही. पूर्व जर्मनीची टिंगलीचा विषय झालेली त्राबांट हीच चाचणी पास झाल्याच्या बातम्या आल्या! 'एल्क-चाचणी' हा शब्द जर्मन भाषेत कायमचा जाऊन बसला. शेवटी मर्सिडीजने १२ आठवडे गाड्या देणं थांबवलं, सस्पेन्शन बदललं आणि प्रत्येक ए-क्लासमध्ये ईएसपी बसवलं, जादा पैसे न घेता. एका छोट्या गाडीत ते आलं म्हटल्यावर बाकीच्यांना 'परवडत नाही' म्हणणं अवघड झालं.

पुढचं काम कायद्याने केलं. अमेरिकेत २०१२ च्या मॉडेलपासून सगळ्या नव्या कारना ते सक्तीचं झालं, युरोपात नोव्हेंबर २०१४ पासून. आपल्याकडे एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांत एबीएस आलं. २०२३ मध्ये सुरू झालेल्या भारत एनकॅपमध्ये तीन किंवा जास्त तारे हवे असतील तर ईएससी लागतं.

म्हणजे बघा, जी गोष्ट १९९५ साली तयार होती ती खाली झिरपायला एक जाहीर फजिती लागली आणि वर सरकारी दंडुका. आपल्या क्षेत्रात तरी वेगळं काय होतं? प्रॉडक्शनमध्ये बोंब झाल्याशिवाय टेस्टिंगला बजेट मिळतं का?

असो. काल बाबांना घेऊन शोरूममध्ये गेलो होतो. सेल्समन म्हणाला, "सर, फॅमिली यूजला बेस मॉडेल पुरे, ईएसपी वरच्या व्हेरिअंटला आहे." एरवी बाबा दहा रुपयांसाठी भाजीवाल्याशी वाद घालतात. मी मनातल्या मनात वादाची तयारी केली होती. त्यांनी चष्मा लावला, ब्रोशर लांब धरून वाचलं आणि म्हणाले, "ते म्हशीचं ज्यात आहे ना, ती घे."