मण्यांच्या आतला दोरा

वाङ्मयाच्या वर्गात ‘सूत्र’ हा शब्द आपण दिवसाकाठी कितीदा तरी उच्चारतो. कथासूत्र, आशयसूत्र, सूत्रधार. आणि ‘ओवी’चे नातेही ‘ओवणे’ या क्रियापदाशीच सांगितले जाते. रूपक इतके वापरून गुळगुळीत झाले आहे की त्यामागचा खराखुरा दोरा आपल्याला आठवतही नाही. तो दोरा कशाचा होता आणि तोच का निवडला गेला, एवढाच प्रश्न आम्हांला येथे विचारायचा आहे.

या इतिहासाची मूळ अडचण साधनांची आहे. मणी दगडाचा, शंखाचा वा धातूचा असतो, तो टिकतो. दोरा कापसाचा, रेशमाचा वा जवसाच्या वाखाचा असतो. तो मातीत कुजतो. संग्रहालयांत आपण पाहतो त्या बहुतेक प्राचीन माळा आजच्या दोऱ्यात नव्याने ओवलेल्या असतात. अपवाद घडवला तो मुख्यतः तांब्याने. तांबे गंजू लागले की त्याचे क्षार लगतच्या तंतूंत झिरपतात, सूक्ष्मजंतूंना रोखतात आणि तंतूचा आकार खनिजरूपात राखतात. दागिन्याची नासाडी झाली म्हणून दोरा वाचला, असा हा उलटा न्याय आहे.

बलुचिस्तानातील मेहरगढ येथे इसवी सनपूर्व सहाव्या सहस्रकातील एका दफनात तांब्याचे मणी मिळाले. त्यांपैकी एकाच्या आत कापसाचे तंतू असल्याचे 2002 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवले. कापसाच्या वापराचा हा अतिप्राचीन पुरावा कापडात नव्हे, तर मण्याच्या पोटात सापडला. सिंधमधील चन्हुदडो येथे 1935-36 च्या उत्खननात शंखजिऱ्याचे अतिसूक्ष्म मणी निघाले होते. त्यांच्या आतला दोरा रेशमाचा असल्याचे 2009 साली जाहीर झाले.

महाराष्ट्रही या इतिहासाबाहेर नाही. प्रवरेकाठच्या नेवासे येथे ह. धी. सांकलिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1954 ते 1956 या काळात उत्खनन केले. तेथे ताम्रपाषाणयुगीन बालकाच्या दफनात तांब्याच्या मण्यांची माळ मिळाली. तिच्या दोऱ्यात रेशीम आणि कापूस दोन्ही ओळखले गेले. पुणे जिल्ह्यातील चांडोलीच्या मण्यांसोबत जवसाच्या वाखाचा दोरा आढळला.

या निवडीमागे काही विचार असेल काय? कापसाचा तंतू आखूड. त्याला पीळ द्यावा लागतो आणि दोरा जाड होतो. कोशातून उलगडलेला रेशमाचा धागा लांबच लांब, बारीक आणि चिवट असतो. जेमतेम मिलिमीटरभराच्या मण्यातून जाड दोरा जाणारच नाही. तांब्याच्या मण्याची कड तर दोरा हळूहळू कापत राहते. तेथे चिवटपणा हवा. मण्याचे वेज, त्याचे वजन आणि त्याची कड पाहून दोरा ठरवायचा, हा पटवेकऱ्याच्या धंद्यातला साधा नियम आहे. या जुन्या हातांनाही तो ठाऊक असावा, असे अनुमान आम्ही करतो.

कालिदासाने ‘रघुवंशा’च्या आरंभी स्वतःला हिऱ्याने भोक पाडलेल्या रत्नातून जाणाऱ्या सूत्राची उपमा दिली आहे. तिला आपण कवीचा विनय म्हणतो. पण दोऱ्याची ही हकिकत वाचल्यावर तीत कारागिराचे व्यवहारज्ञानही दिसू लागते : पूर्वसूरींनी वाट कोरून ठेवली, तरी तीतून जाण्याजोगा आणि भार पेलणारा दोरा व्हावे लागतेच.

नेवाशाच्या त्या बालकाचे नाव नाही, माळ ओवणाऱ्याचेही नाही. लहानशा गळ्यासाठी कोणीतरी कापसाबरोबर रेशीम घेतले, एवढेच उरले आहे. परंपरेचे ‘सूत्र’ शिकवताना आपण बहुधा मणीच मोजतो. दोरा निवडणाऱ्या हाताची आठवण तेवढ्या वेळी व्हावी, इतकीच आमची अपेक्षा आहे.