गाणं आपलं, कागद कोणाचा?

मंडळी, शहाड आणि टिटवाळ्याच्या मधलं हे आपलं आंबिवली. शेजारच्या मोहन्यातला एनआरसी कारखाना २००९ साली बंद पडला आणि हक्काच्या देण्यांसाठी कामगारांना वर्षानुवर्षं झगडावं लागलं. त्यांच्याकडे निदान पगाराची चिठ्ठी तरी होती. आपल्याकडचा बेंजो वाजवणारा, हळदीची गाणी रचणारा, भजनाला पेटीवर बसणारा पोरगा, त्याच्याकडे काय असतं? आज आपण त्या कागदाचा इतिहास पाहू.

सुरुवात विष्णु दिगंबर पलुस्करांपासून. १८९६ मध्ये त्यांनी मिरज सोडलं. तेव्हा गवई जगायचा तो संस्थानिकाच्या मर्जीवर. बुवांनी तिकीट लावून जाहीर मैफली केल्या, ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, स्वरलिपीची पुस्तकं छापली. मैफल, शिकवणी, पुस्तकं असे उत्पन्नाचे तीन झरे झाले. एक आटला तरी दुसरा वाहतो. पण पुढे मुंबईत विद्यालयासाठी कर्ज काढून इमारत बांधली आणि अखेर तिचा लिलाव झाला. बुवांची निष्ठा कमी नव्हती हो; सावकाराच्या वहीत निष्ठेला रकाना नसतो, एवढंच.

बालगंधर्वांची गत वेगळी नाही. १९१३ मध्ये गंधर्व नाटक मंडळी निघाली. नाट्यगृहं भरत होती, पण पडद्यांच्या आणि पोशाखांच्या हौसेला हिशेब नव्हता. कंपनी कर्जात बुडाली, आणि १९३५ साली हा रंगभूमीचा राजा प्रभातच्या ‘धर्मात्मा’त पडद्यावर दिसला. टाळ्या आणि नफा यांची खाती वेगळी, हे आपण इथून शिकावं.

आता कायदा. कॉपीराइट कायदा १९५७चा. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की चित्रपटासाठी पैसे देऊन करून घेतलेल्या गीत-संगीताचा हक्क, उलट करार नसेल तर, निर्मात्याचा. गायकाला तर हक्कच नव्हता; तो १९९४च्या दुरुस्तीने मिळाला. २०१२च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा पक्का केला. चित्रपटगृहातलं प्रदर्शन सोडलं, तर इतर वापरावरचा हा वाटा कराराने सोडून देता येत नाही.

आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. ‘माझं’ म्हणजे काय, यावर तासन्‌तास बोललो. पण एका विद्यार्थ्याने आपली सहा गाणी एकरकमी विकल्याचा कागद दाखवला, तेव्हा आम्हालाही पहिल्यांदा कायदाच उघडावा लागला. त्यातलं दोन-तीन गोष्टींत सांगतो. हक्क देणं लेखी आणि सहीनिशीच व्हावं लागतं. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात. प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणून ‘कायमचे’ आणि ‘जगभर’ हे दोन शब्द दिसले की पेन खाली ठेवा. शब्द कोणाचे, चाल कोणाची, ध्वनिमुद्रण कोणाचं, हे बँडमधल्या चौघांनी पहिल्या तालमीलाच लिहून ठेवा. भांडण झाल्यावर कोणी लिहीत नाही. आणि शिकवणी सोडू नका. बुवांनी सोडली नव्हती.

त्या मुलाच्या कागदावर दोन्ही शब्द होते. सातवं गाणं त्याने अजून कुणाला दिलेलं नाही. ते देण्याआधी तो आमच्याकडे येणार आहे. तुम्हीही या.